दोन पाठींच्या मध्ये

मी एक जुने खोगीर आहे. माझ्या खाली आता लाकडी घोडा असतो. लाकडी घोड्याची पाठ कधी दुखत नाही, त्यामुळे तो माझ्याबद्दल तक्रारही करत नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्या खाली खरी घोडी होती, आणि तिच्या पाठदुखीवरून दोन शहाणी माणसे एकमेकांचे तोंड बघेनाशी झाली होती. त्या भांडणात सगळ्यांनी सगळ्यांकडे बोट दाखवले. माझ्याकडे मात्र कोणी दाखवले नाही. ते दाखवायला हवे होते, म्हणून आज मीच बोलते आहे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. खिडकीखाली एक बाक, बाकावर आरी, मेणाचा गोळा आणि दोऱ्याची रिळे. कारागीर पन्नाशीचा होता आणि बोलण्यात फार कंजूष. त्याने आधी लाकडाचा सांगाडा केला, त्यावर कातडे ताणले आणि मग माझ्या पोटाखाली दोन लांबट गाद्या शिवल्या, एक उजवी आणि एक डावी. त्यांत तो चिमटीचिमटीने लोकर भरायचा. एकदा डावी गादी बोटाला जरा टणक लागली, तर त्याने ती सगळी उसवली आणि पुन्हा पहिल्यापासून भरली. मोठी माणसे बिनकामाच्या गर्दीला 'खोगीरभरती' म्हणतात, तेव्हा मला फार राग येतो. ज्याने हा शब्द काढला, त्याने माझ्या कारागिराला भरती करताना कधी पाहिले नसावे.

शेवटचा टाका घालून त्याने मला गुडघ्यावर उलटे ठेवले आणि म्हणाला, "तू दोघांच्या मध्ये असणार. वरचा बोलून दाखवतो, खालच्याला ते जमत नाही. खालच्याला जास्त जप."

मी तेव्हा नवे कोरे होते आणि स्वतःच्या चकाकीवर खूश होते. त्याचे बोलणे मी एका कानाने ऐकले आणि दुसऱ्याने सोडून दिले. मला कान नाहीत ही गोष्ट वेगळी.

घोडेस्वारीची एक शाळा चालवणाऱ्या गृहस्थांनी मला आपल्या मुलीसाठी नेले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. शाळेतली लहान मुले तिला ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. घोडी नवीनच होती. रंगाने तांबूस, म्हणून नावही तांबडी. पहिल्या दिवशी तांबडीने मान वळवून मला हुंगले, नाकपुड्या फुगवल्या, आणि मग मला पाठीवर चढू दिले. तिची ऊब माझ्या लोकरीत शिरली. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

आम्हा तिघींची खरी देखभाल करायचे ते मोतद्दार काका. तांबडीला खरारा करावा तो काकांनीच. त्यांचा हात फिरू लागला की ती डोळे अर्धे मिटून घ्यायची. फेरी संपली की काका मला उतरवत आणि आधी तिच्या पाठीवरचा घाम बघत. दोन्ही बाजूंना सारखा ओला डाग असला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग मला उलटे करून दोन्ही गाद्यांवरून तळवा फिरवत. वरचे कातडे पुसायचे ते सगळ्यात शेवटी, आणि तेही घाईघाईने.

काकांची आणखी एक रीत होती. मित्रांनो, घोड्यावर नेहमी डाव्या बाजूने चढतात. का चढतात, ते विचारू नका. सगळे चढतात म्हणून सगळे चढतात. चढताना माणसाचा सगळा भार डाव्या रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पडतो आणि ती रिकीब ज्या पट्ट्याला लटकते तो पट्टा रोज कणभर ताणला जातो. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला काका दोन्ही पट्टे काढत आणि त्यांची अदलाबदल करत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ताई हसून विचारायची, "काका, महिन्याभरात असा कितीसा फरक पडतो?"

"महिन्यात काहीच नाही पडत," काका म्हणायचे. "म्हणून तर विसरायला होतं."

अशी बारा वर्षे गेली. ती माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षे. पहाटेच्या दवात आम्ही निघायचो, ताई वर गुणगुणायची, खाली तांबडी दुडक्या चालीने चालायची, आणि मधे मी कुरकुरायचे. चांगल्या कातड्याचे कुरकुरणे म्हणजे गाणेच असते. पाहुणे आले की म्हणत, "काय सुंदर खोगीर आहे हो!" आणि मी फुगून जायचे.

मग काकांचे गुडघे दुखू लागले आणि ते लेकीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "तिला पाणी थंडगार देऊ नका. आणि पट्टे."

"हो काका, लक्षात आहे," ताई म्हणाली. ती खोटे बोलली नव्हती. पहिले दोन महिने तिने आठवणीने पट्टे बदलले. तिसऱ्या महिन्यात वडील आजारी पडले, शाळेचा सगळा व्याप तिच्या अंगावर आला, आणि एक तारीख कधी आली नि कधी गेली ते कळलेच नाही. मला पुसायला मात्र ती चुकत नसे. मी वरून आरशासारखे चकाकत होते. उलटे करून कोणी बघत नव्हते.

डावा पट्टा लांबत गेला. लांब पडलेल्या रिकिबीत पाय टेकायला ताई नकळत डावीकडे झुकू लागली. तिच्या भाराने माझी डावी गादी दबत गेली आणि लोकरीची गाठ झाली. मित्रांनो, ती गाठ मला जाणवत होती. पावलागणिक ती तांबडीच्या पाठीत रुतत होती. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. मला फक्त कुरकुरता येत होते, आणि त्याला सगळे गाणे समजत होते.

दोन वर्षांत असे झाले की मला हातात घेऊन ताई जवळ आली की तांबडी कान मागे टाकायची आणि पाठ खाली दाबायची. ज्या घोडीने मला पहिल्या दिवशी हुंगले होते, ती आता मला बघून दात दाखवत होती. ताईचीही कंबर धरली होती. ती एका मणक्यांच्या तज्ज्ञाकडे जाऊ लागली. हाताने दाब देऊन सांधे मोकळे करणारे ते कायरोप्रॅक्टर होते. सगळे त्यांना मणकेवाले म्हणत. ते घोड्यांवरही उपचार करायला शिकले होते. ताईला बरे वाटले, तेव्हा तिने त्यांना तांबडीसाठी बोलावले.

इथे ठिणगी पडली, कारण ताईचा सख्खा मोठा भाऊ घोड्यांचा डॉक्टर होता.

"एवढ्या मोठ्या जनावराचा मणका हाताने हलतो?" दादा म्हणाला. "याला पुरावा काय?"

"माझी कंबर हाच पुरावा, दादा."

"कंबर तुझी आहे, काय वाटेल ते कर. हिला विचारलंस का?"

 मणकेवाले एका खोक्यावर उभे राहिले, तांबडीच्या पाठीवर तळवे टेकले, आणि हलके हलके दाब देत गेले. थोड्या वेळाने तिने मान खाली सोडली आणि लांब सुस्कारा टाकला. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. दादाने नाक मुरडले.

तीन आठवडे तांबडी छान चालली. मग पुन्हा कान मागे. मणकेवाले पुन्हा आले, पुन्हा बरे वाटले, पुन्हा दुखले. दादाने तिच्या पाठीचे एक्स-रे काढले. हाडांत काही सापडले नाही. त्याने औषध आणि दहा दिवस विश्रांती दिली. ती ठणठणीत झाली आणि मला पाठीवर घेताच पुन्हा दुखणाईत झाली. दादा म्हणे, त्या माणसाने काहीतरी बिघडवलंय. ताई म्हणे, तुझं औषध तरी कुठे लागू पडलंय? बहीणभावाचे बोलणेच बंद झाले. मी खुंटीवर टांगून हे सगळे ऐकत होते.

शेवटी ताईने निर्णय घेतला. तांबडीला दूरच्या एका कुरणावर कायमचे सोडायचे, आणि आपणही स्वारी सोडायची. "तिच्याशिवाय मी कोणावर बसणार?" ती म्हणाली. तांबडी अजून अठरा वर्षांचीही झाली नव्हती.

तिला निरोप द्यायला काका आले, काठी टेकत. दादा कागदपत्रे घेऊन आला होता. मणकेवालेही तिला शेवटचे तपासत होते. दादाने त्यांना बघताच चार शब्द सुनावले, पण ते चिडले नाहीत. खोक्यावरून उतरून म्हणाले, "डॉक्टर, मलाही झोप येत नाही. मी दर वेळी हिची डावी बाजू मोकळी करतो. ताईंचीही डावीच. दोघी सरळ होऊन जातात आणि वाकड्या होऊन परत येतात. कुठेतरी पाणी मुरतंय, पण ते माझ्या हाताला लागत नाही."

काकांचे या बोलण्याकडे लक्ष नव्हते. त्यांनी तांबडीच्या मानेवर हात फिरवला आणि मग, बारा वर्षांच्या सवयीने, मला खुंटीवरून काढून गुडघ्यावर उलटे ठेवले. दोन वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी उलटे केले होते. त्यांचा तळवा उजव्या गादीवरून सरळ गेला. डाव्या गादीवर तो थांबला. काकांनी पट्टे काढले आणि शेजारी शेजारी धरले. डावा दोन बोटे लांब होता.



"ताई," काका हळूच म्हणाले, "पट्टे कधी बदलले होते?"

ताईने लांब पट्ट्यावरून बोट फिरवले. "काका, मी विसरले," ती म्हणाली. "दोन वर्षं विसरले. आणि हिला बोलता येत नाही."

दादाने मला हातात घेतले, उलटसुलट केले, सांगाडा दाबून पाहिला. "सांगाडाच पिळला गेलाय," तो म्हणाला. "हे आता हिच्या पाठीवर ठेवायचं नाही." मणकेवाल्यांनी मान डोलावली. त्या दोघांचे कशावर तरी एकमत झाल्याचे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माझ्यावर झाले. माझ्या काळजात चर्र झाले. तरी खरे सांगू का मित्रांनो, मला सुटल्यासारखेही वाटले.

तांबडी कुरणावर गेली नाही. महिनाभर विश्रांती, मग नवीन खोगीर, आणि पट्ट्यांची अदलाबदल दर एक तारखेला. दादा आणि मणकेवाले अजूनही तबेल्याबाहेर चहा पिता पिता वाद घालतात. दादा पुरावा मागतो, मणकेवाले तांबडीच्या सुस्काऱ्याकडे बोट दाखवतात. कोण बरोबर ते मला कळत नाही. पण आता दोघेही आधी नवे खोगीर उलटे करून बघतात आणि मग भांडायला बसतात.

मला लाकडी घोड्यावर बसवले. लहान मुले माझ्यावर तोल सांभाळायला शिकतात. काका आले की मुलांना माझे पट्टे काढायला लावतात, मोजायला लावतात, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. मुले विचारतात, "लाकडी घोड्याला कशाला?" काका म्हणतात, "हाताला सवय लागायला."

मित्रांनो, तुमच्याकडेही कोणाच्या तरी पाठीवर काहीतरी असेल. बैलाच्या, गाढवाच्या, नाहीतर धाकट्या भावाच्या पाठीवर दप्तराचे ओझे असेल. ते वरून किती चकाकते यावर जाऊ नका. एकदा उलटे करून तळवा फिरवा.

परवा ताई तांबडीला माझ्या जवळून नेत होती. तांबडी थबकली. मी श्वास रोखून धरला, जणू मला श्वास असतो. तिने मान लांब केली आणि माझी डावी गादी हुंगली, अगदी पहिल्या दिवशीसारखी. तिने कान मागे टाकले नाहीत.