एकनाथ तांडेल सोडून

पूर्वीला बँकेच्या परीक्षेचं बाकी सगळं गणित यायचं, गाडी अडायची ती कॉम्बिनेशनपाशी. इतक्यांतून इतके निवडा, एवढंच असलं तर ती चुटकीसरशी सोडवायची. पण 'अमुक एक जण हवाच' किंवा 'अमुक एक जण नकोच' अशी अट आली, की तिची दांडी गुल. आणि रविवारी बोईसरच्या क्लासमध्ये सराव परीक्षा होती.

त्यात परवा सरांनी नेमका होडीचाच प्रश्न घातला. सात जणांतून चार जण होडीत पाठवायचे, किती प्रकारे? पूर्वीने पस्तीस काढले आणि वर त्याला चाराने गुणलं. चौघांत तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या कोण, हे ठरायला नको? तांडेलाशिवाय होडी बंदरातून सुटते कुठे! सर हसले. "अगं, इथे नुसती माणसं निवडायची आहेत, हुद्दे नाही वाटायचे." वर्गही हसला. मुरब्यासारख्या मच्छीमार गावच्या पोरीशिवाय असली चूक करणार तरी कोण?

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तिचे वडील एकनाथ तांडेल उन्हाळ्यात छातीत कळ येऊन पडले होते आणि डॉक्टरांनी त्यांना समुद्र बंद केला होता. पण नारळी पौर्णिमा जवळ आली, तसे ते फाटकं जाळं घेऊन ओटीवर बसले. यंदाही मीच जाणार, हे पालुपद सुरू झालं. आई विनवून विनवून थकली. थोरला भाऊ निमेश त्यांच्याच होडीवर वाढलेला, पण बापाला 'आता उतरा' म्हणायची त्याची छाती नव्हती. भर समुद्रात पुन्हा कळ आली तर, हे पूर्वीला राहून राहून वाटायचं.

त्या संध्याकाळी ती ओटीवरच सराव करत होती.

"काय पुटपुटतेस गो?" जाळं शिवता शिवता एकनाथांनी विचारलं.

"आपल्या होडीवरचीच सात माणसं घेतलीत, बाबा. चार पाठवायची. तुमी हवेच, म्हंजे उरल्या सहांतून तीन. वीस प्रकार."

"आन मी नाय गेलो तं?"

पूर्वीचं पेन थबकलं. "सहांतून चार. पंधरा."

"म्हंजे मी नसलो तरी होडी सुटते."

"सुटते. पण तांडेल कोण, ते या गणितात नाय येत."

एकनाथांनी जाळ्याचं एक भोक सावकाश शिवून पुरं केलं. मग म्हणाले, "बरं, अशी अट घाल. मी नाय, आन निमेश हवाच."

पूर्वीने वडलांचं नाव खोडलं. उरले सहा. निमेश आधीच बसला, उरले पाच, त्यांतून तीन. दोन दोन अटी, आणि ती कुठेच अडली नाही.

"दहा!" ती आनंदाने ओरडली.

"परत बघ. चुकली नायस ना?"

"नाय बाबा, दहाच."

एकनाथांनी घराकडे तोंड वळवलं. "निमेश! यंदा दर्याला नारळ तू द्यायचा. संगती कोण तीन, ते तूच निवड."

आत आईच्या हातातलं भांडं वाजलं. पूर्वीला हायसं वाटलं आणि लगेच रडूही आलं. कागदावर सात नावं होती, आणि गणित सोपं जावं म्हणून त्यातलं पहिलं तिने आपल्याच हाताने खोडलं होतं.