घोट्याएवढं पाणी

भोपूच्या बुटाच्या नाडीची गाठ आत्याने शेवटी दातांनी सोडवली. दात म्हणजे पक्कड नव्हे, असं पेशंटना रोज बजावणारी दातांची डॉक्टर नदीकाठच्या दगडावर गुडघे टेकून, चार वर्षांच्या पोराच्या धुळकट बुटाला तोंड लावून बसली होती. कुणा पेशंटने पाहिलं असतं तर पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नसता.

"सुटली!" भोपू ओरडला. साधं बोलणंही तो ओरडूनच बोलायचा, म्हणून तर हे नाव पडलं होतं. एक पाय मोकळा होताच तो पाण्याकडे धावत सुटला. दुसऱ्या पायात बूट तसाच.

"दुसरा कोण काढणार?" असं म्हणत त्याच्या बहिणीने मागून त्याचा शर्ट धरला. ती दुसरीत होती. भोपूचं ऐकून ऐकून सगळं घरच तिला ताई म्हणायचं, आत्यासुद्धा.

उन्हाळ्याने नदी पार आटली होती. गोट्यांच्या मधून घोट्याएवढं पाणी वाहत होतं, इतकं नितळ की तळाची वाळू हलताना दिसत होती. काठावरच्या एका मोठ्या झाडाची सावली पाण्यापर्यंत पोचली होती. आत्याने तिथे सतरंजी अंथरली, जॅम लावलेला ब्रेड आणि कलिंगडाच्या फोडींचा डबा काढला आणि मोबाइल मांडीवर ठेवून ती बसली.

सकाळी दादाने तिला घाईघाईने बोलावून घेतलं होतं. वहिनीच्या बाळंतपणाला अजून बराच अवकाश होता, पण पहाटे अचानक रक्त जायला लागलं. आत्या पोचली तेव्हा वहिनी गाडीत बसलेली होती, डोळे मिटून. दादा दारातच दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर लगेच ऑपरेशन करायचं म्हणतायत. बाळाचं काय, हिचं काय, काही सांगता येत नाही." मग आत पाहून म्हणाला, "पोरांना कुठेतरी बाहेर ने. घरात नको. त्यांना काही कळू देऊ नकोस. आई तपासणीला गेलीय, एवढंच सांगितलंय."

म्हणून ती त्यांना इथे घेऊन आली होती. पण आणल्यावर करायचं काय, हे तिला कुठे ठाऊक होतं? तिला मूल नव्हतं. लहान मुलं तिला भेटायची ती खुर्चीत, तोंड घट्ट मिटलेली. अख्खा दिवस त्यांना रमवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार करत ती बसली होती आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपल्याला काही करावंच लागत नाहीये.

ताईने भोपूला पाण्यात पाय बुडवून तापलेल्या दगडावर उभं केलं होतं. "आता बाजूला हो. बघ, तुझा पाय."

दगडावर ओलं पाऊल उमटलं होतं. पाचही बोटं स्पष्ट. दोघांच्या डोळ्यांदेखत ते टाचेकडून आक्रसत गेलं, शेवटी अंगठ्याचा तेवढा ठिपका उरला, मग तोही गेला.

"कुठे गेला?" भोपूने विचारलं.

"उन्हाने प्यायला."

भोपूला ही कल्पना एवढी आवडली की त्याने उन्हाला पाय पाजायचा सपाटाच लावला. मग पायांवरून हात, हातांवरून कोपर, आणि शेवटी चड्डी भिजवून दगडावर बसणं. ते बसल्याचं चित्र पाहून तो स्वतःच इतका हसला की पाण्यात कोलमडला. आत्याही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

कलिंगड खाताना ताईने बिया लांब थुंकण्याची शर्यत काढली. "आत्या, तू दातांची डॉक्टर ना? मग तुझी सगळ्यात लांब जायला हवी." आत्याची बी तिच्याच हनुवटीवर अडकली. भोपूने टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात मोबाइल थरथरला. आत्या झटकन उठून झाडामागे गेली. कुणीतरी दाढ दुखतेय म्हणून विचारत होतं. तिने कसंबसं उत्तर दिलं, कपाळ झाडाच्या खोडाला टेकवलं आणि तशीच क्षणभर उभी राहिली. मागून ताईचा आवाज येत होता. "भोपू, इकडे बघ, इकडे! मासा! अरे तिकडे नाही, माझ्याकडे बघ."

ऊन चढलं तसा भोपू कंटाळला. खालचा ओठ बाहेर आला. "मला घरी जायचंय. आईकडे."

काय सांगावं याची आत्या जुळवाजुळव करत होती, तोवर ताई म्हणाली, "जाऊ या की. पण मग धरण कोण बांधणार?"

"कुठलं धरण?"

"हे काय, इथलं. मोठे साहेब आलेच नाहीत आज. आता सगळं पाणी वाहून जाणार."

"मी आहे ना साहेब!" भोपू गरजला.

मग गोटे आले, काटक्या आल्या, ओली वाळू आली. साहेब हुकूम सोडत होते आणि ताई काठावरून सामान पुरवत होती. साहेबांनी मोठा दगड मागितला की ती त्यांना पेलेल एवढाच शोधून द्यायची. भिंत एका बाजूने खचली तर साहेबांची पाठ फिरल्यावर गुपचूप नीट करायची. आत्या बघत राहिली. आपल्या खुर्चीत रडणाऱ्या मुलाला शांत करायला आपल्याला किती बोलावं लागतं, तरी जमत नाही. आणि ही एवढीशी मुलगी आवाजही न चढवता एक अख्खा दिवस हाताळतेय.

कौतुकाने बघता बघताच तिला ते दिसलं. भोपू नखशिखांत भिजला होता. ताईचा फ्रॉक मात्र कोरडा होता. तिच्या पायांतल्या चपलासुद्धा तिने काढल्या नव्हत्या. इतका वेळ ती एकदाही पाण्यात उतरली नव्हती. आणि ती कुठेही उभी असली तरी तिचं तोंड सतरंजीकडे, मोबाइलकडे होतं.

काटक्या आणायला ती झाडाखाली आली तेव्हा आत्याने विचारलं, "तू नाही खेळत?"

ताईने आधी भोपूकडे पाहिलं. तो वाळू थापटत होता. मग ती आत्याच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबांचा फोन आला की मला सांग. पण भोपूसमोर नको."

आत्याने विचारलं, "तुला कुणी काही सांगितलं का?"

"नाही." ताई हातातली काटकी सोलत होती. "आई रोज जाताना म्हणते, भांडू नका. आज म्हणाली, भोपूकडे बघ." थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "आणि बाबांनी माझी वेणी घातली. बाबांना वेणी येत नाही. पुन्हा पुन्हा सोडून घालत होते."

आत्याने तिच्या वेणीकडे पाहिलं. एका बाजूला कललेली, मध्येच सुटलेली, शेवटी रबर गच्च आवळलेलं. सकाळपासून ती डोळ्यांसमोर होती.

काही नाही ग, सगळं छान आहे, हे वाक्य आत्याच्या ओठांवर आलं होतं. पेशंटना ती असंच सांगायची, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त. पण ते तिच्या तोंडून निघालं नाही.

"ऑपरेशन चालू आहे," ती म्हणाली. "पुढचं मलाही माहीत नाही. मलाही भीती वाटतेय."

ताईने मान हलवली. मोठ्या माणसाने एखादी गोष्ट ठरवावी तसं ती म्हणाली, "मग आपण इथेच थांबू. घरी गेलं की तो आधी आईच्या खोलीत जाईल." आणि काटक्या उचलून निघताना मागे वळून म्हणाली, "तू पाण्यात पाय घालून बस. बरं वाटेल तुला."

आत्या उठली. सांगितल्यासारखी जाऊन पाण्याच्या कडेला बसली आणि तिने पाय आत सोडले. पाणी वरून कोमट होतं, तळाशी गार. साहेबांनी तिला लगेच कामाला लावलं. सावली हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकली, धरण दोनदा फुटलं, दोनदा बांधून झालं. ब्रेड संपला. मोबाइल गप्पच होता.

तो वाजला तेव्हा आत्याच्या हाताला वाळू लागलेली होती. दादाचं नाव दिसत होतं. ताई काठावर जागच्या जागी थांबली. या वेळी आत्या झाडामागे गेली नाही.

आधी नुसते हुंदके ऐकू आले. आत्याने डोळे मिटून घेतले. मग दादा बोलायला लागला, अडखळत, मध्येच हसत. मुलगी झाली होती. अगदी चिमणीएवढी, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवायला लागणार होती, पण रडली होती, चांगली खणखणीत. वहिनी शुद्धीवर आली होती आणि पोरं जेवली का म्हणून विचारत होती.

फोन ठेवून आत्या ताईजवळ जाऊन वाकली. "बहीण झाली तुला. छान आहे. आणि आईही."

"दोघी?"

"दोघी."

ताई उड्या मारेल, गळ्यात पडेल, निदान रडेल, असं आत्याला वाटलं होतं. तिने यांतलं काहीच केलं नाही. तिने एक लांब श्वास सोडला, हातातले गोटे एकेक करून खाली ठेवले, तळवे फ्रॉकला पुसले आणि वर पाहिलं.

"आत्या," तिने विचारलं, "आता मी खेळू?"

आत्याने मान डोलावली. तोवर ताई चपलांसकट पाण्यात शिरलीही होती, दोन्ही हातांनी पाणी उडवत, आणि काठावर सगळीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडत होती.