सत्तूर कुणाचा

खाटकिणीचे पाय दुकानाच्या उंबऱ्याशीच रुसून बसले. डोकं ओरडत होतं, चल, आत चल! पाय मात्र जमिनीत पुरल्यासारखे. अंग पुढे झुकलं, आता ही तोंडावर आपटणार, तेवढ्यात सासूबाईंनी आपली काठी तिच्या पावलांपुढे आडवी टाकली.

"ओलांड गं म्हशी!"

आणि गंमत बघा, ओलांडायला काहीतरी मिळाल्याबरोबर तेच पाय फटकन उचलले गेले!

पार्किन्सन्स, डॉक्टर म्हणाले होते. मेंदूत खोलवर चिमूटभर पेशी असतात. त्या जो रस बनवतात, त्याच्या जोरावर शरीर आपोआप हलतं. हिच्या त्या पेशी मरत चालल्या होत्या. म्हणून हुकूम सुटायचा आणि वाटेतच अडकायचा. समोर आडवी काठी दिसली, की मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम धाडायचा. सासूबाईंच्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं होतं: सून बरी होणार नाही.

नवरा गेल्यापासून दुकान सून चालवायची, पण किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला. आज तो सुनेच्या हातात जाणार की धाकट्या मुलाच्या, याचा निकाल होता.

धाकटा आला तोच दाराला लाथ मारून. छताच्या आकड्याला सोललेला बोकड टांगला होता, त्याला त्याने थापट मारली. बोकड झुलायला लागला.

"काय वहिनी, दहाही बोटं शाबूत का अजून?"

तिचा उजवा हात मांस तोडायच्या ओंडक्यावर होता. अंगठा आणि बोट, जणू न दिसणारी गोळी वळत, थरथर, थरथर.

"बघ आई, मी नुसता आत आलो तर ही गत! उद्या गिऱ्हाइकाचं मुंडकं उडवेल ही."

"भाऊजी, हा तुम्हाला घाबरून नाही हलत. रिकामा बसला की हलतो."

"आणि थोबाड का असं दगडासारखं?"

"तोही आजारच. नाहीतर तुम्हाला बघून हसू लपलं नसतं."

सासूबाई खुदकन हसल्या. धाकट्याला तेच झोंबलं. त्याने वहिनीला खांद्याने धक्का दिला आणि डावा पंजा बोटं फाकवून ओंडक्यावर आपटला.

"चालवा सत्तूर. बोटांच्या मधून. काय, टरकलात?"

"हात काढा."

"नाही काढत!"

"मग हलवू तरी नका."

तिने सत्तूर उचलला. मुठीत दांडा आला आणि थरथर नळ बंद करावा तशी थांबली. धाकट्याचं हसू तिथेच विरलं. खाट! अंगठ्याशेजारी. खाट! पुढच्या फटीत. खाट! त्याच्या पुढच्या. चौथ्यांदा, करंगळीशेजारी, पातं खाली येताना त्याचा धीर सुटला. त्याने हात ओढला, आणि करंगळीचं टोक ओंडक्यावरच राहिलं.

क्षणभर तो त्या टोकाकडे असा बघत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. मग रक्ताची चिळकांडी उडाली आणि तो रेड्यासारखा डुरकला. वहिनीचे केस धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भिंतीवरची फरशी तडकली. तिच्या डोळ्यांत गरम रक्त उतरलं, हातातला सत्तूर खणकन पडला, आणि त्याने तो उचलला.

"आज तुझेच तुकडे विकतो!"

सरक! तिचं डोकं किंचाळलं. सरक ना! पाय ढिम्म. पातं वर गेलं.

"ओलांड!"

काठी फरशीवरून खडखडत तिच्या पावलांपुढे आली. तिने पाय टाकला, मागे नाही, सरळ त्याच्या अंगावर! सत्तूर तिच्या पाठीमागे भिंतीत रुतला. तिने टांगलेला बोकड दोन्ही हातांनी मागे खेचला आणि सगळी ताकद लावून सोडला. बोकड थाडकन त्याच्या तोंडावर बसला. धाकटा उताणा पडला, ओंडक्याची कड डोक्याला लागली आणि दोन दात फरशीवर घरंगळले.

"आई, बघितलंस ना," तो रक्त थुंकत म्हणाला, "हिनं माझं..."

"बघितलं. हिचा हात नाही हलला. तुझा हलला, म्हणून तुझं बोट गेलं." सासूबाईंनी फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "दवाखाना गाठ. आणि टोक घेऊन जा, शिवतात म्हणे."

तो भिंत धरत बाहेर पडला. सासूबाईंनी सुनेच्या कपाळावर पदर दाबून धरला. दुसऱ्या हाताने कमरेचा जुडगा सोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिला तो कमरेला लावता येईना, बोटं गाठीशी नुसतीच झटापट करत राहिली.

रिकामा हात पुन्हा हलायला लागला. किल्ल्या खुळखुळू लागल्या. ती ओशाळली आणि मूठ दाबायला गेली.

"वाजू दे," सासूबाई म्हणाल्या. "दुकान उघडलंय, हे कळू दे गल्लीला."