दोन कॅन, दोन बाटल्या

"जरा थांबा, म्याडम," म्हणत कोंडीरामांनी केमोच्या संमतीचा कागद मागे सरकवला.

शेजारी बसलेल्या शुभांगीने, त्यांच्या लेकीने, कपाळाला हात लावला. नगरच्या दवाखान्यात दोन तास ताटकळून डॉक्टर लीना भेटल्या होत्या, आणि आबांचं सुरू झालं!

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. सहा महिन्यांच्या गोळीने उजव्या फुफ्फुसातली गाठ निम्मी आटली होती. डाव्यातली मात्र वाढली. गोळी आता पुरी पडत नाही, ती बंद करून केमो द्यावी लागेल.

"तुकडा कंच्या गाठीचा तपासला हुता?"

"उजव्या. तिच्या जनुकातला बिघाड बघूनच ही गोळी दिली. डावी तिच्यातूनच पसरलेली असणार."

"असणार?" कोंडीराम हसले. "संगमनेरला डेअरीत तीस वर्सं फॅट मोजली म्या. एका घरचे दोन कॅन आले तरी नमुन्याच्या बाटल्या दोन. एकावरनं दुसऱ्याची फॅट कदी लिवली न्हाई."

"आबा, हे दूध नाहीये!"

"फुफ्फुस तर माजंच हाय ना, शुभे? लागू दे सुई. डावीची बाटली भरा."

शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावून पाहिले.

"घेऊ या," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. डाव्या गाठीच्या जनुकातला बिघाड निराळाच होता. एकाच छातीत दोन वेगळे कॅन्सर! या दुसऱ्यावरही वेगळी गोळी होती. पहिली चालू ठेवून, दर पंधरवड्याला रक्त तपासत, डॉक्टरांनी दुसरी जपून सुरू केली.

पुढच्या स्कॅनमध्ये डावीही आटली. बरे झालात असं कुणी म्हटलं नाही, पण कोंडीराम जिना न थांबता चढून आले होते.

"काका," डॉक्टर लीना म्हणाल्या, "तुमची केस मी डॉक्टरांच्या बैठकीत मांडणार आहे. पण तुमच्या फॉर्मवर व्यवसाय नुसताच 'निवृत्त' लिहिलाय."

ते शुभांगीनेच लिहिलं होतं, पहिल्या दिवशी. बाप दुधाचे कॅन हुंगायचा हे एवढ्या मोठ्या दवाखान्यात सांगायची तिला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटली. तिने फॉर्म ओढून घेतला, तो शब्द खोडला आणि वर काहीतरी लिहिलं.

"काय लिवलंस गं? चष्मा न्हाई माज्याकडं."

"दूध तपासनीस, तीस वर्षं," तिने वाचून दाखवलं, दाराबाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.