बंद इंजिनाचा ठोका

"एवढ्यात बंद करू नका, अजून मिनिटभर चालू द्या." ताईंनी कॉकपिटकडे हात करून खूण केली आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ पुन्हा डाव्या कानामागच्या हाडावर दाबून धरली. त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकलेलं होतं. विमानाच्या पंखावर गुडघे मोडून, प्रोपेलरच्या मागे बेताचं अंतर राखून, डोळे मिटून त्या ऐकत होत्या.

बारा सिलिंडरांचा गजर एकसारखा चालला होता. त्याच्या तळाशी, बंद दारावर कुणी एका बोटाने वाजवावं तसं काहीतरी होतं. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

त्यांनी मान हलवली. कॅप्टनने इंजिन बंद केलं. प्रोपेलर दोन-चार झोके खाऊन थांबला. मैदानावर वाऱ्याशिवाय काही उरलं नाही.

टक्.

ताईंनी मूठ काढली नव्हती. तापलेलं इंजिन निवताना कुरकुरतं, हे त्यांना का माहीत नव्हतं? पण ती पत्र्याची बारीक कडकड असते. हा ठोका आतला होता, जड होता. थांबलेल्या इंजिनातून असे तीन ठोके आले आणि मग ते थांबले.

"काय म्हणतेय थोरली?" कॅप्टनने वरून विचारलं.

"बघते," एवढंच म्हणून ताई पंखावरून उतरल्या.

ऐंशी वर्षांपूर्वीच्या युद्धातली तीन विमानं त्या हँगरमध्ये जपून ठेवलेली होती. तिघींची इंजिनं एकाच जातीची, एकाच कारखान्यात घडलेली. त्यांना थोरली, मधली आणि धाकटी ही नावं ताईंनीच कधीतरी गमतीने दिली होती, ती पुढे सगळ्यांच्या तोंडी बसली. वर्षातून सहा-सात वेळा, त्या युद्धात गेलेल्यांच्या आठवणीखातर, तिघी आकाशात जात. यंदाचा मोठा दिवस येत्या रविवारी होता. उड्डाणाआधी इंजिनाच्या नोंदवहीत शेवटची सही ताईंची असे. त्याला चौतीस वर्षं होत आली होती. त्या सहीवाचून एकही प्रोपेलर फिरला नव्हता.

दुपारपर्यंत साहेबांनी स्वतः उभं राहून सगळं तपासलं. साहेब म्हणजे हँगरचे मुख्य अभियंता. कधीकाळी ताईंच्याच हाताखाली पाना धरायला शिकलेले, म्हणून अजूनही त्यांच्याशी बोलताना जरा बिचकत.

"फिल्टर स्वच्छ आहे ताई, धातूचा कणसुद्धा नाही. दाब बरोबर, थरथर बरोबर. तपासणीच्या मशिनला काही सापडत नाहीये."

"मला ठोका ऐकू आला."

"चालू असताना ना?"

"चालू असताना," त्या म्हणाल्या. बाकीचं त्यांनी गिळून टाकलं.

संध्याकाळी घरी बहीण वह्या तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. दोघींनीही लग्न केलं नव्हतं, आई-वडील गेल्यापासून त्या दोन खोल्यांत दोघीच. बहीण ताईंच्या डाव्या बाजूलाच बसायची, कारण उजव्या कानाने ताईंना काही ऐकू येत नव्हतं. हे जगात ठाऊक असलेली ती आणि कानाचे डॉक्टर अशी दोनच माणसं होती.

ताईंनी सगळं सांगितलं. बंद इंजिनातले तीन ठोकेही सांगितले. बहिणीने लाल पेनाचं टोपण लावलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतं ना? कान ऐकेनासा झाला की डोकं आपल्या मनाने आवाज तयार करतं."

"ती शिट्टी गं. ती चोवीस तास असते, आत्ताही आहे. हे तसं नव्हतं. हे येत होतं, थांबत होतं."

"मग आता काय करणार? सही?"

"कशी करू?"

"नाही केलीस तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलंस तर ते कान तपासतील. कान तपासले की तुझी सही गेली, आणि सही गेली की त्या ठोक्याला कोण विचारतो?" बहिणीने गणितासारखंच मांडलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या तिघींच्या पायी तू मला नेहमी चौथी धरलंस. मी कधी बोलले नाही. पण आत माणूस बसणार आहे ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी डॉक्टरांचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी थोरलीची नोंदवही ठेवली, सहीची जागा कोरी सोडून.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हा आठ महिन्यांपूर्वीचा आहे."

"हो."

"आठ महिने तुम्ही सह्या करताय."

"केल्या."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही ऐकलंत, हे दोन्ही मी वर कळवायचं?"

"दोन्ही खरं आहे," ताई म्हणाल्या.

साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दाराशी कॅप्टन केव्हाचा येऊन थांबला होता. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी गंमत करणारा माणूस, आज त्याने फक्त विचारलं, "ताई, ऐकलंत की नाही?"

"ऐकलं. कुठून, ते आता माझं मलाच सांगता येत नाही."

सही त्याच दिवशी काढून घेतली गेली. पण थोरलीही उघडली गेली. साहेबांनी मनातला राग कामात येऊ दिला नाही. तळाचं झाकण उतरलं, एकेक भाग धुऊन कापडावर मांडला गेला. बुधवारी संध्याकाळपर्यंत भिंगाखालून सगळं निघालं. कुठे ओरखडा नाही की चीर नाही. ऐंशी वर्षांचं इंजिन आरशासारखं लख्ख होतं.

कुणी ताईंना टोचून बोललं नाही. उलट सगळे त्यांच्याशी हळू आणि गोड बोलू लागले, आजारी माणसाशी बोलतात तसे. ते त्यांना जास्त लागलं. ठरलं असं, की थोरलीची जुळणी रविवारपर्यंत होणार नाही, म्हणून मधली आणि धाकटी जातील.

गुरुवारी सकाळी ताई आपलं कपाट रिकामं करायला आल्या. हँगरमध्ये अजून कुणी नव्हतं. धाकटीला मागच्या सुट्या खोलीत नेलं होतं, थोरलीचं इंजिन कापडावर विखुरलेलं, आणि मधली अंगावर पांघरूण घेऊन उभी. ती महिनाभर चालवलेली नव्हती.

ताई तिच्या नाकासमोरून जात होत्या.

टक्.

त्या थांबल्या. कानातली शिट्टी आपल्या जागी होती. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. टक्. चार पावलं मागे गेल्या तर ठोका दबला, पुढे आल्या तर स्पष्ट झाला. डोक्यातला आवाज माणसाबरोबर चालतो, हा मात्र एका जागी उभा होता. त्यांनी पांघरुणाखाली हात सारला आणि इंजिनाच्या थंडगार अंगावर तळवा टेकला.

टक्. आता तो तळव्याला लागला. आईच्या पोटावरून आतलं मूल कळावं तसा.

आरडाओरडा करावा असं त्यांना वाटलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, सगळे येईपर्यंत. तळवा बधिर झाला तरी काढला नाही.

"ही उघडा," त्या साहेबांना म्हणाल्या.

"ताई, आता पुरे." साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "हिच्यात तेल फिरून महिना झाला. बंद यंत्र वाजतं का कुठे? तुम्ही घरी जा. मी गाडी देतो."

कॅप्टनने पुढे होऊन ताईंच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला.

"मला काहीच लागत नाहीये," तो म्हणाला.

"नसेल लागत," ताई म्हणाल्या.

"पण रविवारी हिला घेऊन मीच जाणार आहे, साहेब. उघडल्याशिवाय मी हिच्यात पाय ठेवणार नाही. मला भित्रा म्हणा हवं तर."

शुक्रवारी दुपारी मधलीचं तळाचं झाकण उतरलं. आतले बोल्ट एकेक करून सोडवायला घेतले. ताईंना हात लावायची परवानगी नव्हती, त्या भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. ठोका चालूच होता. सातव्या बोल्टला पाना लागला तसा तो जलद झाला. बोल्ट फिरला, सैल झाला, साहेबांच्या बोटांत आला आणि ठोका थांबला.

त्याच्याबरोबर शिट्टीही थांबली. इतकं शांत ताईंना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, कान बरा झाला. मग त्यांना दिसलं की साहेबांचे ओठ हलताहेत.

डोळ्याला न दिसणारी चीर असली तर उमटावी म्हणून साहेबांनी बोल्टला लाल रंग लावून पुसून काढला आणि वर पांढरी भुकटी फवारली. सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने पांढऱ्या बोल्टवर, गळ्याशी, केसाएवढी लाल रेघ उमटत आली. ती हळूहळू जवळजवळ पूर्ण फेरा घेऊन थांबली. जोडून राहिलेला भाग नखाएवढा होता.

कॅप्टन खाली बसला. तो काय विचारतोय ते ताईंना ऐकू आलं नाही, पण साहेबांनी उत्तर ताईंकडे तोंड करून, सावकाश दिलं, म्हणून ओठांवरून कळलं. "वर गेल्यावर? पंधरा मिनिटं. कदाचित तेवढीही नाही."

त्या रात्री धाकटीचेही बोल्ट निघाले. दोन बोल्टांना चिरा जायला सुरुवात झाली होती. थोरलीचे पुन्हा तपासले तरी निर्दोषच निघाले; तिचा ठोका मधलीसाठी होता, असं ताईंना वाटलं. शनिवारी वरून हुकूम आला: या जातीचं इंजिन असलेलं एकही विमान, जिथे असेल तिथे, पुढची सूचना येईपर्यंत जमिनीवरून हलवायचं नाही. नवे बोल्ट घडवायचे तर जुना कारखाना केव्हाच बंद पडलेला, त्या धातूचं मिश्रण जाणणारी माणसंही गेलेली. पुढची सूचना कधी येईल, येईल की नाही, हे कुणी विचारलं नाही.

अहवालात एक रकाना होता: दोष कसा लक्षात आला. साहेब त्यापाशी अडून बसले. शेवटी त्यांनी कागद ताईंपुढे सरकवला आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहिलं, 'इथे काय लिहू?'

ताईंनी पेन घेतलं आणि चिठ्ठीवरच लिहिलं, 'नेहमीच्या तपासणीत.' साहेबांनी ते अहवालात जसंच्या तसं उतरवलं. पेन मात्र त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

रविवारी लोक आलेच. कळवूनही आले. विमानं उडणार नव्हती, पण ढकलून मैदानावर आणून ओळीत उभी केली होती, थोरलीचं नाक रिकामं, मधलीचं झाकलेलं. माणसं कुंपणाशी दाटीने उभी होती. ताई बहिणीबरोबर हँगरच्या कर्मचाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. गणवेशावरची सहीवाल्यांची पट्टी त्यांनी घरीच उसवून ठेवली होती.

लाउडस्पीकरवर कुणीतरी काही सांगितलं. सगळ्यांनी डोक्यावरचं काढलं, माना खाली घातल्या. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली असावी, असं ताईंनी ओळखलं आणि त्यांनीही मान खाली घातली.

वारा त्यांच्या गालाला लागत होता, त्याला आवाज नव्हता. डाव्या बाजूला बहीण होती, तिच्या श्वासालाही आवाज नव्हता. शिट्टी गेली ती परत आली नव्हती. ताई सवयीने मान किंचित डावीकडे कलती करून, डोळे मिटून, तिघींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शांतता संपली. लोकांनी टोप्या घातल्या, लेकरं पुन्हा पळू लागली, बोलणं सुरू झालं. बहिणीने ताईंच्या कोपराला हात लावायला म्हणून हात उचलला, तेवढ्यात कॅप्टनने तिला नजरेनेच थांबवलं. त्याने डोक्यावर ठेवलेली टोपी पुन्हा काढली. ताई अजून ऐकत होत्या. त्याने विमानांकडे पाहिलं, आणि तोही कान देऊन उभा राहिला. त्याला पाहून साहेब थांबले. मग रांगेतला एकेक जण बोलता बोलता गप्प झाला. कुंपणापलीकडच्या माणसांना काही कळेना, पण हे लोक कशाकडे तरी कान लावून उभे आहेत म्हणून तीही हळूहळू निश्चल झाली. सगळं मैदान पुन्हा शांत झालं, आणि कुणालाही ती शांतता मोडवेना.

ताईंना काहीही ऐकू येत नव्हतं.