दंडातली काडी आणि शेवंतीचे वाफे

मी एक जुनी काडी आहे. आगपेटीतली नव्हे हं! लांबीला तेवढीच, पण मऊ, बाईच्या दंडात कातडीखाली बसवायची. मित्रांनो, दोन पाळण्यांत काही वर्षांचं अंतर राखणं हे माझं काम. आज मी दवाखान्यात कुंदा सिस्टरांच्या बाटलीत पडून आहे, आणि मनाला रुखरुख आहे ती प्रतीक्षाची.

पहिल्या लेकीच्या, खुशीच्या वेळी बाळंतपणात प्रतीक्षाचं रक्त फार गेलं होतं. अंगात ताकद येईपर्यंत दुसरं मूल नको, म्हणून तिने मला बसवून घेतलं. नवरा नितेशही राजी होता. खुशी दुडूदुडू पळू लागली, आईच्या गालांवर रंग आला. काय ऐट होती तेव्हा माझी!

मग माझ्यामुळे तिला पाळी नसतानाही अधूनमधून रक्ताचे डाग दिसू लागले. कुणाकुणाला असं होतं. बहुधा घाबरण्यासारखं नसतं, त्यावर उपायही असतो. पण बसवताना गर्दीत हे तिला नीट सांगायचंच राहिलं. त्यात तिचं वलगावचं सासर फुलवाल्यांचं! शेवंती देवीच्या हाराला जायची.

सासूबाई पार्वताबाई म्हणाल्या, "बाई, देवाची फुलं हायेत. तू हात नोको लावू."

वाफ्यांवर जीव असलेली ती पोर नुसती बांधावर बसून राही. नितेश वैतागला, "रोजचंच झालं हे! काहून ठेवली मंग थे काडी?"

शेवटी ती मला काढून घ्यायला दवाखान्यात आली. सिस्टरांनी विचारलं, "काही तरास हाय का वं?"

खरं सांगायची तिला लाज वाटली. "हात दुखते," म्हणाली.

अगं, सांग ना! मला ओरडावंसं वाटलं. पण काडीला कुठलं तोंड?

मला काढलं. दुसऱ्या बायांना दाखवायला सिस्टरांनी बाटलीत ठेवलं. पुढे प्रतीक्षा परत आली ती पोटुशी, पांढरीफटक, धापा टाकत. तेव्हा कुठे तिने खरं सांगितलं.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अवं, तवाच बोलली असती, तं औषध देलं असतं. तुह्या सासूलेही समजावलं असतं!"

"आता डाग नाही, तं फुलं तोडू देतात मले," प्रतीक्षा म्हणाली. "पण वाकलं का चक्कर येते."

मित्रांनो, माझं काय, मी बाटलीत बरी आहे. पण घरातल्या बाईला बाजूला बसवण्याआधी तिच्याजवळ बसा. "काय होऊन राहिलं तुले?" एवढं मायेने विचारा. तिला कुणी विचारलं असतं, तर आज मी तिच्या दंडात असते, आणि ती शेवंतीत.