खोळीतले ब्रेक पॅड

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी शिंपी एका कोटाला अस्तर लावत होता. फोन तिच्या शाळेतून आला. ती तिथे गणित शिकवायची. एका वर्गावरून दुसऱ्या वर्गावर जाताना जिन्यात कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शिंप्याने फोन ठेवला, राहिलेला टाका घातला, दोरा तोडला. मग कुठे जायला निघायचं तेच त्याला सुचेना.

त्याला तीन महिने झाले. एक दिवस लेकीने जेवताना सांगितलं, की येत्या रविवारी ती आईची गाडी ट्रॅकवर नेणार आहे.

गाडी काही साधीसुधी नव्हती. निळी, बुटकी, लांब नाकाची, चालू केली की खिडकीच्या काचा थरथरायच्या. बायकोने ती बारा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली होती आणि महिन्यातून एका रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर पळवायची. शिंपी एकदाच तिच्या शेजारी बसला. पहिल्या वळणाला त्याने डोळे मिटले ते गाडी थांबल्यावरच उघडले. त्यावरून तिने वर्षभर त्याची फिरकी घेतली. पुन्हा तो गेला नाही. ती गाडी कशी चालवते हे त्याने कधी पाहिलंच नाही.

लेक आईच्या देखरेखीखाली चार-पाच वेळा शिकली होती, एकटीने कधी नाही. शिंप्याला नाही म्हणवेना. मागचे ब्रेक पॅड झिजलेत, ते बदलल्याशिवाय गाडी हलणार नाही आणि ते आपणच निवडणार, एवढंच तो बोलला. लेक कबूल झाली. बाबा निवडतील त्यावर वाद घालणार नाही म्हणाली.

तो सुट्या भागांच्या दुकानात गेला आणि त्यांच्याकडचे सगळ्यात जोरकस, शर्यतीच्या गाड्यांना घालतात ते पॅड घेऊन आला. लेकीचा जीव ज्यावर राहणार ते सगळ्यात जबरच हवेत, असा त्याचा सरळ हिशोब.

गॅरेजवाल्या मेस्त्रीला सगळे मुका म्हणत, कारण त्याचं तोंड कधी मिटत नसे. त्याने डबा पाहिला आणि बाजूला सारला.

"मास्तर, पोरीला गरगर फिरवायचंय का?"

मग त्याने समजावलं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्यांपेक्षा जोरात धरलं तर ती आधी अडतात आणि गाडीची शेपूट पुढे येते. मागच्यांनी नेहमी जरा कमी धरायचं.

शिंप्याला हे लगेच पटलं. अस्तर वरच्या कापडापेक्षा जरा सैल ठेवतात, नाहीतर अख्खा कोट ओढला जातो. चाळीस वर्षं तो तेच करत आला होता.

मग ती कुठले घालायची, असं शिंप्याने विचारलं. मेस्त्री म्हणाला, ते मला काय ठाऊक; बाई पॅड स्वतः आणायच्या, स्वतः बसवायच्या आणि जुने उचलून घरी न्यायच्या.

घरी. शिंपी उठला आणि आपल्या दुकानातून पिशवी भरून घेऊन आला. कापायच्या टेबलावर कापड सरकू नये म्हणून तो जी वजनं ठेवायचा, ती बारा वजनं. दर दोनेक वर्षांनी ती एक जोडी आणून द्यायची. "तुझं कापड फार पळतं," म्हणायची, "घे, ब्रेक लाव." काळी भुकटी कापडाला लागू नये म्हणून तो ती हातात आली की जाड खोळीत शिवून टाकायचा. त्यांची पाठ कधी निरखून पाहिली नव्हती.

त्याने ब्लेड घेतलं आणि एकेक खोळ उसवली.

प्रत्येक पॅडच्या पाठीवर तिने टोच्याने तारीख कोरली होती. डावा की उजवा. कुठल्या जातीचा. फळ्यावर लिहायची तसे सरळ, गोल आकडे. मेस्त्रीने तारखेप्रमाणे जोड्या मांडल्या आणि वाचू लागला. पहिली जोडी वाकडी झिजलेली, कडा उडालेल्या. बाई तेव्हा घाबरून ब्रेक मारत होत्या. दुसरी थोडी बरी. तिसरी शिंप्याने आणली त्याच जातीची, जेमतेम झिजलेली. तिच्या पाठीवर कोरलं होतं: मागचं आधी अडतं. नको.

शेवटच्या जोडीला मेस्त्रीने मापपट्टी लावली. एका कोपऱ्याला, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. डाव्याला, उजव्याला. पुसून पुन्हा लावली. मग तो पट्टी खाली ठेवून उभा राहिला आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही. शेजारचा रंगारीसुद्धा काय झालं म्हणून डोकावून गेला.

शिंप्याने पॅड चिमटीत धरला. कापडाची जाडी बोटांनी ओळखणारा माणूस तो. एवढं एकसारखं काही त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. पळत्या गाडीत, पायाने, हजारो वेळा तिने हे केलं होतं, आणि त्यावर हात ठेवून तो बारा वर्षं कापड कापत आला होता.

"याच जातीचे घाला," मेस्त्री शेवटी हळू आवाजात म्हणाला. "याच्यापुढे दुसरं काही नाही."

शिंप्याने विचारलं, हे थंड असताना धरतात का. मेस्त्री म्हणाला, नाही, दोन फेऱ्या मारून तापवावे लागतात, त्याचा अंदाज बाईंना होता.

"मग नको. हे तिच्या मापाचे आहेत," शिंपी म्हणाला. "आईच्या मापावर लेकीचा कोट बेतत नाहीत."

त्याने दुसऱ्या जोडीवर बोट ठेवलं. त्या जातीचे थंड असतानाही धरतात, आणि पुढच्यांपेक्षा कमीच, असं मेस्त्री म्हणाला. त्याने तसले नवे मागवले. त्याच संध्याकाळी बसवून दिले.

बसवण्याआधीच लेकीने त्यांच्या पाठीवर तारीख कोरली होती. तिचे आकडे तिरके येतात.

नवे पॅड डिस्कवर रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायच्या आत सोडायचा, असं दहा वेळा. गाडी लेक चालवेल. शेजारी शिंपी बसेल, डोळे उघडे ठेवून. ते अजून व्हायचं आहे.